'बॉडी अँड सोल' : संथ गाण्यातला नकार

दलित साहित्याची चर्चा निघाली की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा उल्लेख आपण आवर्जून करतो. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यानंतर आपल्या नियतकालिकांतून कृष्णवर्णीयांच्या कविता, नाटके, आत्मकथने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या संगीताविषयीचे आपले लेखन मात्र तोकडे आहे, आणि जे आहे ते बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबते : जाझ हा गुलामांच्या वेदनेचा हुंकार आहे. हे वाक्य खोटे नाही, पण त्याने काम भागत नाही. हुंकार म्हटला की तो आपोआप उमटतो, तो शिकावा लागत नाही, त्यात निवड नसते, विचार नसतो, हे आपण नकळत मान्य करून बसतो. आणि नेमका हाच आरोप प्रस्थापित समीक्षा आपल्या साहित्यावर गेली पन्नास वर्षे करीत आली आहे : अनुभव जळजळीत आहे हो, पण कला कुठे आहे? जो आरोप आपण स्वतःवर सहन करीत नाही तोच दुसऱ्या पीडितांवर कौतुकाच्या सुरात करणे योग्य नव्हे.

म्हणून मी येथे घोषणेचे गाणे न घेता एक संथ प्रेमगीत घेतो. त्याचे नाव 'बॉडी अँड सोल'. जाझमध्ये अशा संथ, भावप्रधान गाण्याला बॅलड म्हणतात. आणि जे गाणे वाजवणाऱ्या सर्वांना येत असले पाहिजे असे गृहीत धरले जाते त्याला स्टँडर्ड. दोन अनोळखी वादक भेटले, नुसते गाण्याचे नाव आणि पट्टी सांगितली, की वाजवायला सुरुवात होते. आपल्याकडील लग्नाच्या बँडमध्ये हीच रीत आहे. माझे चुलते अशा एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकाआधी ते वाद्य आले. मी घरातला पहिला पदवीधर झालो, मराठीचा प्राध्यापक झालो. पण सूर म्हणजे कष्टाने कमावण्याची गोष्ट आहे हे मला विद्यापीठाच्या आधी त्या क्लॅरिनेटने शिकवले. मी संगीतज्ञ नाही. समीक्षेचा शिक्षक म्हणून, कान देऊन, जेवढे कळले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम या गाण्याची जन्मकथा पाहू. ती सोयीची नाही. 'बॉडी अँड सोल' हे कृष्णवर्णीयांनी लिहिलेले गाणे नव्हे. न्यूयॉर्कच्या एका ज्यू कुटुंबातील जॉनी ग्रीन या तरुणाने १९३० साली त्याची चाल बांधली, तेव्हा तो अवघ्या एकवीस वर्षांचा होता. शब्दांवर एडवर्ड हेमन, रॉबर्ट सावर आणि फ्रँक आयटन अशा तिघांची नावे आहेत. गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्लिश गायिकेसाठी ते तयार झाले, लंडनमध्ये जॅक हिल्टनच्या वाद्यवृंदाने त्याचे एक पहिलेवहिले ध्वनिमुद्रण केले, आणि त्याच वर्षी 'थ्रीज अ क्राउड' या खेळातून लिबी होल्मनने ते ब्रॉडवेच्या रंगमंचावर गाजवले. म्हणजे हा रंगमंचाच्या धंद्यासाठी तयार झालेला माल होता. त्याच १९३० च्या ऑक्टोबरात लुई आर्मस्ट्राँगने ते ध्वनिमुद्रित केले, आणि त्यानंतर ते गाणे जाझचे होऊन गेले. परक्याच्या दुकानातून आणलेली वस्तू आपली कशी होते, हा आपल्याही अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

गाण्याचे शब्द मी येथे उतरवीत नाही, आशय सांगतो. प्रियकराने टाकलेली एक व्यक्ती एकटी पडली आहे. तो दूर गेला यावर तिचा विश्वास बसत नाही. मी सर्वस्वी तुझीच आहे, माझा देह आणि आत्मा तुझाच आहे, असे ती त्याला विनवते. कागदावर वाचले तर हे शरणागतीचे गाणे आहे, आणि स्पष्ट बोलायचे तर काहीसे रडके आहे. स्त्रीने स्वतःला पायाशी ठेवावे ही त्यातली कल्पना मला मान्य होण्यासारखी नाही. मग प्रश्न पडतो, की ज्यांच्या आजा-पणजांचे देह लिलावात विकले गेले, ज्यांना आत्मा आहे की नाही यावर गोऱ्यांच्या धर्मपीठांत वाद झडले, त्या लोकांनी 'देह आणि आत्मा तुझा' असे म्हणणारे गाणे का उचलले? आणि उचलून त्याचे काय केले? या प्रश्नाचे उत्तर शब्दांत सापडत नाही. ते गाण्याच्या बांधणीत आणि गाणाऱ्याच्या वागणुकीत शोधावे लागते.

बांधणी अशी आहे. गाणे बत्तीस मापांचे, प्रत्येक मापात चार ठोके. आठ-आठ मापांचे चार भाग. पहिला भाग, तोच पुन्हा, मग एक वेगळा भाग, मग पुन्हा पहिला. वेगळ्या भागाला तिकडे 'पूल' म्हणतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर गाणे साधारणपणे काळी एकमध्ये वाजवतात. पुलावर आले की ते अर्धा सूर वर सरकून पांढरी दोनमध्ये जाते, चार मापांनंतर एकदम पांढरी एकमध्ये उतरते, आणि शेवटी पायरी-पायरीने घसरत पुन्हा काळी एकच्या घरात येते. आपल्या रागसंगीतात तंबोऱ्याचा षड्ज बैठक संपेपर्यंत हलत नाही. येथे बत्तीस मापांत षड्ज तीनदा जागा बदलतो. गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते आणि तरी त्याला अडखळायचे नसते. गाणे फार संथ असल्यामुळे चूक लपवायलाही जागा नसते. जलद गाण्यात एखादा सूर निसटला तर पुढचे दहा सूर त्याच्यावर माती टाकतात. बॅलडमध्ये प्रत्येक सूर उन्हात उभा असतो. ही साधना हुंकाराने होत नाही.

आता कोलमन हॉकिन्सकडे वळू. १९०४ साली मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक लहानपणी पियानो आणि चेलो शिकला होता. फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात दहा-एक वर्षे वाजवून १९३४ साली तो युरोपात गेला. इंग्लंडमध्ये तो ज्या जॅक हिल्टनकडे वाजवू लागला तोच हिल्टन या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रकांपैकी एक. महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या जुलैत तो अमेरिकेत परतला आणि ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने 'बॉडी अँड सोल' वाजवले. तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत. तेवढ्यात त्याने बत्तीस मापांची दोन आवर्तने घेतली. सुरुवातीच्या काही मापांत मूळ चाल ओळखू येते. त्यानंतर तो ती सोडतो आणि चौसष्ट मापे संपेपर्यंत पुन्हा तिच्याकडे जात नाही.

मग तो वाजवतो काय? प्रत्येक चालीखाली सुरांच्या जुळण्यांचा एक सांगाडा असतो. त्याला तिकडे हार्मनी म्हणतात. हॉकिन्सने चाल टाकून दिली आणि सांगाडा ठेवला. एकेका जुळणीतील सूर सुटे करून, त्यांच्यामध्ये स्वतःच्या आणखी जुळण्या घालून, त्याने एक संपूर्ण नवी चाल जागच्या जागी उभारली. पहिल्या आवर्तनात तो जवळ बसून बोलल्यासारखा वाजवतो. दुसऱ्यात मागून साथीदारांचे लांब सूर येतात, त्याचा आवाज रुंद होत जातो, वर चढतो, आणि शेवटी साथ थांबवून एकटाच खाली उतरतो. शरणागतीचे गाणे होते; त्यात कुठे विनवणी राहिली आहे का ते ऐकून पाहा. मला तरी ऐकू येत नाही. येथे एक माणूस पुराव्यानिशी आपली बाजू मांडतो आहे. तबकडी तुफान खपली. ज्या गाण्याची चाल जवळजवळ वाजवलेलीच नाही ते गाणे लोकांनी डोक्यावर घेतले. पुढे एडी जेफरसनने हॉकिन्सच्या त्या वादनावरच नवे शब्द बसवून ते गायले.

आपल्या जलशांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. आंबेडकरी जलशांनी आणि नंतरच्या गायन पार्ट्यांनी लोकप्रिय चाली घेतल्या, त्यांतले जुने शब्द काढून टाकले आणि माणूसपणाचे शब्द भरले. चाल तीच, आशय नवा. हॉकिन्सने उलट केले : सांगाडा तोच, चाल नवी. पद्धती दोन, भूमिका एक. जे आपल्यासाठी केलेले नव्हते ते घ्यायचे आणि त्यात स्वतःचे घर बांधायचे. याला अनुकरण म्हणणाऱ्या समीक्षकांनी, जलशांना 'उसन्या चालींचे गाणे' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी, बांधणे म्हणजे काय हे समजून घेतलेले नाही. विटा कोणाच्या यावरून घर कोणाचे हे ठरत नाही.

मात्र कायदा वेगळे ठरवतो. गाण्याचे कर्ते म्हणून आजही चारच नावे लागतात : ग्रीन, हेमन, सावर, आयटन. चौसष्ट मापे ज्याने नव्याने रचली त्याचे नाव तेथे नाही. कागदावर आधी लिहिली जाते ती रचना आणि तोंडाने किंवा वाद्याने घडते ते केवळ सादरीकरण, असा हा न्याय आहे. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्या बाजूने झुकलेला हा न्याय आपल्याला नवा नाही. आपल्या कितीतरी शाहिरांची पदे दुसऱ्यांच्या नावावर किंवा 'पारंपरिक' या नावाखाली खपली. जॉनी ग्रीनला मी येथे दोष देत नाही. त्याची बांधणी पक्की होती म्हणूनच तिच्यावर इतके मजले चढले. दोष आहे तो 'कर्ता कोण' हे ठरवणाऱ्या मोजपट्टीत.

बिली हॉलिडेचा मार्ग आणखी वेगळा. तिने हे गाणे २९ फेब्रुवारी १९४० रोजी गायले. तिच्या आवाजाचा पल्ला लहान होता, सप्तकाहून थोडासा अधिक. मूळ चाल वरखाली धावते. हॉलिडे ती धाव कापून टाकते, आपल्या आवाजाच्या पल्ल्यात चाल आवळून घेते आणि ठोक्याच्या किंचित मागे राहते. साथ पुढे जाते, ती आपल्या वेळेने येते. नवशिक्याला वाटेल की ती चुकते आहे. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी ती नेमकी जागेवर असते. ज्या व्यवस्थेने काळ्या बाईला सतत 'चल, लवकर' असे हाकलले त्या व्यवस्थेत ही बाई तीन मिनिटे कोणाच्या घाईने चालत नाही. शब्द विनवणीचे आहेत आणि गाणारी विनवत नाही. जे झाले ते ती साक्षीदारासारखी सांगते.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. १९३८ साली आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदाची ती गायिका होती, आणि न्यूयॉर्कच्याच एका हॉटेलात, जेथे ती रोज गात होती, तिला नोकरांच्या लिफ्टने जायला लावले. १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यानंतर तिचा कॅबरे परवाना गेला, आणि दारू मिळणाऱ्या न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचे दार तिला मरेपर्यंत बंद राहिले. १९५७ साली तिने हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. आवाज फाटलेला होता, पण ओळीचा तोल तसाच होता. १९५९ च्या जुलैत ती गेली. झुंडीने झाडाला टांगलेल्या काळ्यांविषयीचे 'स्ट्रेंज फ्रूट' तिने १९३९ साली गायले, ते आपण सांगतो, सांगायलाच हवे. पण तेच गाणारी बाई पुढच्याच वर्षी हे प्रेमगीतही गाते, आणि तेही त्याच बोलण्याचा भाग आहे, हे आपण सांगत नाही.

येथेच मला आपल्या आजच्या प्रश्नाकडे यायचे आहे. माझ्या वर्गातील एका मुलीने प्रेमाची कविता लिहिली. वस्तीतल्या नळावरच्या रांगेत कोणाची तरी वाट पाहणारी साधी, संथ कविता. एका कविसंमेलनात तिने ती वाचली तेव्हा आपल्याच एका ज्येष्ठाने व्यासपीठावरून सांगितले, 'पोरी, ही दलित कविता नव्हे. यात विद्रोह नाही.' मुलीने त्यानंतर पाच-सहा महिने काही लिहिले नाही. त्या ज्येष्ठांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. पण मला विचारावेसे वाटते, की प्रेम करण्याचा, वाट पाहण्याचा, हळू बोलण्याचा हक्क आपण कोणाच्या नावे लिहून दिला आहे? बाहेरचा म्हणतो, तुमचा फक्त आक्रोश खरा. आतला म्हणतो, आपला फक्त आक्रोश चालेल. दोघांच्या मध्ये माणूस अर्धा होतो. 'दलित' या शब्दाचा आग्रह पूर्ण माणूसपणासाठी होता ना? मग त्या माणूसपणात संथ दुपारही यायला हवी.

गाण्याच्या नावाविषयीही दोन शब्द. 'देह आणि आत्मा' असे भाषांतर मी वर केले खरे, पण ते पुस्तकी आहे. आत्मा या शब्दाच्या आडून आपल्याला काय काय सोसावे लागले ते वेगळे सांगायला नको, आणि बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्याला तो शब्द तसाही परका. आपल्या घरांत 'जीव' म्हणतात. जीव लावला, जीव तुटला, जीवावर उदार झाला. देह आणि जीव असे म्हटले की ते गाणे आपल्या उंबऱ्याच्या आत येते. हॉलिडे ऐकताना मला हाच शब्द ऐकू येतो.

जे विद्यार्थी गातात-वाजवतात त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. अशा गाण्याचा अभ्यास करताना आधी शब्द पाठ करा, वाद्य वाजवणार असाल तरीही. डेक्स्टर गॉर्डन हा सॅक्सोफोनवादक बॅलड सुरू करण्यापूर्वी तिचे शब्द श्रोत्यांना संथपणे बोलून दाखवीत असे. शब्द माहीत असले की श्वास कोठे घ्यायचा ते कळते. मग मूळ चाल सजावट न करता वाजवा. जी चाल येत नाही ती सोडण्याचा अधिकार नसतो. नंतर नुसता खालचा, खर्जाचा सूर धरून बत्तीस मापे मोजा आणि पुलावर षड्ज कोठे सरकतो ते पायाने ओळखा. त्यानंतरच स्वतःचे बोला. आणि थांबायला शिका. संथ गाण्यात रिकामी जागा ही वाजवलेल्या सुराइतकीच तुमची असते. ती भरून टाकण्याची घाई भीतीतून येते.

ऐकण्याचा क्रमही सांगतो. आर्मस्ट्राँग १९३०; मग बेनी गुडमन त्रयी १९३५, ज्यात गोरा ज्यू क्लॅरिनेटवादक आणि टेडी विल्सन हा कृष्णवर्णीय पियानोवादक एकत्र बसले, जेव्हा व्यासपीठावर असे एकत्र बसणे अमेरिकेत चालत नसे; मग हॉकिन्स, मग हॉलिडे. त्यानंतर जॉन कोल्ट्रेनचे १९६० चे वादन. त्यात हार्मनीचा सांगाडाही बदलला आहे आणि खाली एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरते. शेवटी २०११ साली वृद्ध टोनी बेनेट आणि तरुण एमी वाइनहाऊस यांनी लंडनमध्ये गायलेले; त्यानंतर चारच महिन्यांत ती वारली. ऐंशी वर्षांचा हा प्रवास. गाणे तेच, आणि कोणीही दुसऱ्याचे गाणे गायलेले नाही.

हे संगीत आपल्या मातीशी अगदीच परके होते असेही नव्हे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी आणि टेडी वेदरफोर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे वाद्यवृंद वाजत. चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेल्या गोव्याच्या वादकांनी ते जवळून ऐकले आणि पुढे तेच सूर हिंदी चित्रपटात आणले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'मागे चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवादकाचा हात होता. ताजच्या त्या दालनात आपल्या बापजाद्यांना प्रवेश नव्हता. पण तेथून निघालेला सूर चित्रपटात शिरला, चित्रपटातून वरातीच्या बँडमध्ये आला आणि माझ्या चुलत्यांच्या क्लॅरिनेटपर्यंत पोहोचला. सुरांच्या वाटा जातीच्या वाटांनी जात नाहीत. अडवणारे मात्र प्रत्येक नाक्यावर असतात.

कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडून आपण वळलेली मूठ घेतली. ती घेणे आवश्यक होते आणि आजही आहे. पण मूठ दिवसभर वळलेली ठेवता येत नाही. त्याच हाताने भाकरी थापायची असते, पोराच्या डोक्यावरून फिरवायचा असतो, क्लॅरिनेटची छिद्रे दाबायची असतात. हॉकिन्स आणि हॉलिडे यांनी मालकाच्या घाईला नकार दिला, दिलेल्या चालीला नकार दिला, आणि विनवणीचे शब्द तोंडात असतानाही विनवायला नकार दिला. हा नकार संथ आहे म्हणून तो कमी नाही. आपल्या समीक्षेने त्याला ओळखायला शिकले पाहिजे. नाहीतर आपल्याच मुली नळावरच्या रांगेतल्या कविता वहीत दडपून ठेवतील आणि आपण सभेत विचारत राहू की नवे कोणी लिहीत का नाही.